एकशे बत्तिसावं माणूस

त्या दुपारी काटेवाला गच्चीवर गेला तो नुसती एक तार बांधायला. वारा सुटला होता आणि कठड्याला लावलेल्या अँटेनाची तार सैल होऊन खांबावर टकटक आपटत होती. ती त्याने चिकटपट्टीने आवळली, आभाळाकडे एकदा बघितलं, "आज मजा येणार," असं स्वतःशीच म्हणाला आणि खाली आला. मजा! आता काय म्हणावं अशा माणसाला? बायको विमानात बसलेली, आणि हा वादळाची वाट बघतोय.

काटेवाला म्हणजे दुकानादुकानातले वजनकाटे तपासून त्यांवर शिक्का मारणारा. वय पंचावन्न. दुकानदार कितीही गोड बोलो, हा आपलं प्रमाणित वजन काट्यावर ठेवणार, चष्मा पुसणार, आकडा बघणार आणि मगच तोंड उघडणार. माणसाच्या बोलण्यापेक्षा आकडा खरा, हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं की घरी ताप मोजायचा झाला तरी तो दोन थर्मामीटर लावायचा.

आणि नाद कसला, तर विमानांचा. विमानात बसायचा नव्हे, विमानं बघायचाही नव्हे. पडद्यावर त्यांचे ठिपके बघायचा. डोक्यावरून जाणारं प्रत्येक विमान दर सेकंदाला आपला कोड, उंची, वेग आणि जागा ओरडून सांगत असतं म्हणे. ऐकायला फक्त अँटेना हवी आणि साबणदाणीएवढी एक पेटी. ती याच्या टेबलावर होती. इंटरनेटवर अशी विमानं दाखवणाऱ्या साइट्स आहेत, पण त्यांच्यावर याचा राग. विमानाचा आवाज मध्येच तुटला की त्या साइट्स अंदाजाने ठिपका पुढे सरकवत राहतात. "माझी पेटी अंदाज करत नाही," तो अभिमानाने सांगायचा. "ऐकलं तरच दाखवते. नाही ऐकलं, तर नाही."

बायको त्याला टॉवरसाहेब म्हणायची. "काय टॉवरसाहेब, उतरवलीत का सगळी? मग आता जरा दूध उतरवा, उतू चाललंय." ती ग्रंथालयात कामाला होती, हसरी, बडबडी, आणि खरं सांगायचं तर या माणसाला तिनेच माणसात ठेवलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ती तिकडे गेली होती. आज परत येत होती. एक चाळीसचं विमान, तीन चाळीसला उतरणार.

साडेतीनला इतकं अंधारून आलं की त्याने दिवे लावले. चौथा मजला, सगळ्यात वरचा; वारा थेट अंगावर यायचा. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. खोलीत ओल्या धुळीचा आणि तापलेल्या वायरचा वास भरला होता. पडद्यावर सात ठिपके शहराभोवती लांबट चकरा मारत होते. विमानतळावर पाऊस इतका, की कोणालाच उतरू देत नव्हते. सातातला एक ठिपका तिचा. त्याने त्याला पिवळा रंग दिला होता, बाकीचे हिरवे.

मास्तरांचा फोन आला. हे मास्तर निवृत्त विज्ञानशिक्षक, पन्नास किलोमीटरवर राहणारे, याच वेडाचे. त्यांच्याही गच्चीवर अँटेना.

"काटेवाल्या, वहिनी त्या चकरांतच आहेत ना रे?"

"हो. सहा हजार फुटांवर आहे. काही नाही, वाट बघायला लावतील अर्धा तास."

"घाबरू नकोस."

"मी कुठे घाबरतोय?" तो म्हणाला. घाबरला नव्हताही. ठिपका दिसत होता ना. ठिपका दिसतोय तोवर सगळं ठीक, असा त्याचा हिशेब.

साडेचारपर्यंत एक ठिपका उतरला, दुसरा उतरला. दोन विमानं कंटाळून दुसऱ्या शहराकडे वळली. पाच वाजता उरलेली दोन हिरवीही उतरली. पिवळा ठिपका मात्र एकटाच चकरा मारत राहिला.

आणि पाच वाजून दहा मिनिटांनी दारात किल्ली फिरली.

तो दचकून उठला. दारात बायको उभी. निळी साडी, केसांचा सैल अंबाडा, खांद्याला पर्स. ती आत आली, चपला काढल्या आणि जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली. बाहेर धो धो पाऊस, आणि तिच्या अंगावर पाण्याचा थेंब नाही. चपलासुद्धा कोरड्या.

"अगं... तू?"

"चहा ठेवता का थोडा?" ती म्हणाली. आवाज अगदी थकलेला.

त्याने पडद्याकडे बघितलं. पिवळा ठिपका शहराच्या उत्तरेला वळण घेत होता. पाच हजार आठशे फूट.

बरं, माणसाच्या मनात आधी काय येतं? भूतबीत काही येत नाही, साहेब. आधी संशय येतो, तोही साधा, संसारी. ही त्या विमानात बसलीच नाही. आधीच्या कुठल्यातरी विमानाने आली, किंवा कोणाच्यातरी गाडीतून. म्हणून कोरडी. कोणी सोडलं हिला दारापर्यंत? आणि मला एक चाळीसचं विमान का सांगितलं? तेवीस वर्षांत ज्याला असला विचार कधी शिवला नाही, त्याने आधण ठेवता ठेवता तीन आठवड्यांच्या सगळ्या फोनची मनातल्या मनात उलटतपासणी केली.

"बॅग कुठाय तुझी?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"वर."

"वर म्हणजे?"

"विमानात," ती म्हणाली आणि कपाळ चोळू लागली.

त्याने चहाचे दोन कप टेबलावर ठेवले आणि "आलोच" म्हणून फोन घेऊन गॅलरीत गेला. पावसाच्या सपकाऱ्यात उभं राहून त्याने मेहुणीला फोन लावला.

"भावोजी, पोचली का ताई?"

"नाही अजून. तू तिला नक्की त्याच विमानात बसवलंस ना?"

"असं काय विचारताय? कुबडी घेऊन मी स्वतः गेले होते सोडायला. सीटवर बसल्यावर खिडकीतून तिने मला फोटो पाठवलाय. दार लावल्यावरचा. पाठवू का तुम्हाला?"

फोटो आला. पंखाचं टोक, आणि काचेत पुसटसं उमटलेलं निळ्या साडीतलं तिचं हसू. वेळ एक एकेचाळीस.

साधा संशय तिथेच गळून पडला आणि त्याच्या जागी दुसरा आला. तो कसा होता ते सांगायला मला शब्द सापडत नाही. तो आत आला तो भिंतीला धरून. ती दोन्ही हातांनी कप पकडून बसली होती. चहाला तिने तोंड लावलं नव्हतं.

"खरं सांग," तो हळू म्हणाला. "कशी आलीस?"

तिने वर बघितलं. डोळे तिचेच. "मला माहीत नाही हो. विमान असं खाली खाली पडायला लागलं... शेजारच्या म्हातारबाबांनी माझा हात धरला. मी डोळे मिटून घेतले आणि म्हटलं, मला घरी जायचंय, मला घरी जायचंय. किती वेळ म्हणत होते कोण जाणे. डोळे उघडले तर समोर आपलं दार. हातात किल्ली."

"म्हणजे... तू उतरलीस?"

"उतरले म्हणा." ती मान तिरकी करून छताकडे कान लावून ऐकत राहिली. "पण ते मोजतायत."

"कोण?"

"ती विमानातली पोरगी. पुढून मागे मोजत गेली. आता मागून पुढे येतेय. एकशे एकतीसच भरतायत. एकशे बत्तीस हवेत."

दार बंद करण्याआधी विमानात माणसं मोजतात आणि आकडा जुळल्याशिवाय विमान हलत नाही, हे काटेवाल्याला ठाऊक होतं. त्यानेच तर कधीतरी तिला कौतुकाने सांगितलं होतं. पण उतरायच्या आधी मोजतात असं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

फोन वाजला. मास्तर. आवाज पार बदललेला.

"बघतोयस ना रे? दोनदा धावपट्टीपर्यंत खाली गेलं आणि दोनदा परत वर आलं. पाऊस कमी झालाय, रस्ता मोकळा आहे, मग उतरत का नाही ते?"

"मास्तर... इंधन किती असेल?"

"पाऊण तासाचं होतं पाचला. आता तूच बघ." घड्याळात पाच पंचवीस झाले होते.

तेवढ्यात पडद्यावरचा पिवळा ठिपका लाल झाला. वैमानिकाने संकटाचा आकडा लावला की तसा होतो. काटेवाल्याने हा लाल रंग सहा वर्षांत दोनदाच बघितला होता, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या कोणाचा तरी म्हणून बघितला होता.

त्याने फोन ठेवला. ती त्याच्या मागे येऊन उभी होती. पावलांचा आवाज त्याने ऐकला नव्हता. दोघांनीही त्या लाल ठिपक्याकडे बघितलं. तो आता लांबट चकरा सोडून गोल फिरू लागला होता आणि गोल लहान होत चालला होता. गोलाच्या मधोमध त्यांचीच इमारत होती. ढगांतून गुरगुर आली, गेली, पुन्हा आली.

"मला शोधतायत ते," ती म्हणाली. "मी गेले नाही तर..."

"तर काय?"

"म्हातारबाबा अजून माझ्या रिकाम्या सीटवर हात ठेवून बसलेत हो."

तिने त्याच्या बाहीला हात लावला. हात ऊबदार होता. तिच्या मनगटाला तोच नेहमीचा साबणाचा आणि जुन्या पुस्तकांचा मिसळलेला वास येत होता. कुठल्याही नवऱ्याने तेवढ्यावर ओळखलं असतं. पण हा आयुष्यभर माणसाकडे पाठ करून काट्याकडे बघणारा. त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं: पेटी अंदाज करत नाही. विमान वर आहे. विमानात माझी बायको आहे, फोटो आहे, वेळ आहे. मग ही जी घरात येऊन बसली आहे, ही कोण? हिच्यामुळेच तर ते उतरत नसेल?

"जाऊ का मी?" तिने विचारलं. "नको म्हणालात तर नाही जाणार. मला जायचं नाहीये. मला फार भीती वाटते तिथे."

पडद्यावर तीन हजार फूट. दोन हजार आठशे.

"बोला ना काहीतरी."

"माझी बायको वर आहे," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "तू कोण आहेस मला माहीत नाही. तू जा."

मग ती म्हणाली, "तेवीस वर्षं, अहो. त्या ठिपक्यात मी तुम्हाला दिसते, आणि इथे दिसत नाही?"

त्याने कान बंद करून घेतले. अक्षरशः, दोन्ही हातांनी. तरी दार उघडल्याचं त्याला कळलं, कारण वाऱ्याचा लोट घरात घुसला आणि टेबलावरचे कागद उडाले. त्याचे हात कानांवरून सुटले. पावलं खाली गेली नाहीत. वर गेली, गच्चीकडे. मग गच्चीचं लोखंडी दार करकरलं. उठावं, धावत जावं, असं त्याला वाटलं. वाटलं एवढंच. तो उठला नाही, ही गोष्ट त्याने पुढे मला सांगितली तेव्हा माझ्याकडे न बघता सांगितली.

विमानाची गुरगुर डोक्यावरून गेली ती इतकी खालून, की कपाटातली भांडी खणखणली. आणि लाल ठिपका सरळ रेषेत विमानतळाकडे निघाला. सहा मिनिटांत उतरला.

"उतरलं रे, उतरलं!" मास्तर फोनवर जवळजवळ रडत होते. "सगळे सुखरूप! बातम्यांत सांगतायत, एकशे बत्तीस!"

काटेवाला टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. आपण बरोबर केलं, असं त्याने स्वतःला तीन-चारदा सांगितलं.

सव्वासातला बेल वाजली. दारात बायको. निळी साडी चिंब, हातात बॅग, चपलांतून पाणी गळतंय. "अहो, बघत काय राहिलात? बॅग घ्या! टॅक्सीवाला मेला गल्लीच्या तोंडाशीच सोडून पळाला." त्याने बॅगेसकट तिला कवटाळलं. ती हसली, "अगंबाई, आज काय वादळ घरात पण आलंय का?" म्हणाली. तीच बडबड, तोच आवाज. त्याच्या जिवात जीव आला. त्याने तिला टॉवेल दिला.

केस पुसत ती सांगू लागली. "फार काही कळलंच नाही मला. डोळा लागला होता. जाग आली ती भांडणाने. कोणी एक बाई येऊन माझ्या डोक्याशी उभी. म्हणते, उठा, ही माझी जागा आहे."

टॉवेलचं टोक धरून तो तसाच उभा राहिला. "कोण बाई?"

"काय माहीत! केस पिंजारलेले, अंगावरून पाणी निथळतंय. विमानात हो, विचार करा! रडत होती बिचारी. सारखं तेच, माझी जागा, माझी जागा. त्या म्हातारबाबांनाही विचारत होती, तुम्ही तरी सांगा हिला. ते आपले दोघींकडे आळीपाळीने बघतायत."

"मग?"

"मग काय? मी कशाला उठतेय? मी म्हटलं, बाई, मी इथे आधी बसलेय. तेवढ्यात ती पोरगी मोजत आली, माझ्यापाशी थांबली, म्हणाली, झाले, एकशे बत्तीस पुरे. आणि विमान उतरलं."

"आणि... ती?"

"नंतर दिसली नाही." तिने केस मागे टाकले आणि त्याच्याकडे बघून छान हसली. "तिला मोजलंच नाही ना कोणी."

बोलता बोलता ती स्वयंपाकघराकडे वळली. जेवणाच्या टेबलाशी थबकली. तिथे दोन कप होते. एक रिकामा, एक काठोकाठ भरलेला, वर साय धरलेला. तिने भरलेला कप उचलला, मोरीत ओतला आणि कोण आलं होतं ते विचारलं नाही. त्याला वाटत राहिलं, ती विचारेल. नवऱ्याला बायकोच्या संशयाचा इतका आधार वाटावा, अशी वेळ कोणावर येऊ नये.

फोन वाजला. मास्तर. ते कुजबुजत होते. "काटेवाल्या, तुझ्या पेटीवर बघ जरा. वहिनींच्या विमानाचा कोड. विमान तर केव्हाचं बंद करून उभं केलंय. मग हा..."

त्याने बघितलं. पिवळा ठिपका परत आला होता. विमानतळावर नाही, त्याच्याच इमारतीवर. वेग जवळपास नाहीच, माणसाच्या चालण्याएवढा. उंची पंचावन्न फूट, म्हणजे गच्ची. ठिपका गच्चीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होता, परत येत होता. मग जिन्याच्या बाजूला येऊन थांबला.

तो उठला. या वेळी खरंच उठला, दाराकडे धावला.

"गच्चीवर कशाला?" ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिने विचारलं तेव्हा तो कुठे निघालाय हे त्याने सांगितलंसुद्धा नव्हतं. "येतानाच मी वर जाऊन आले. दार वाऱ्याने आपटत होतं. आतून कडी लावलीय मी. बसा तुम्ही. जेवायला वाढते."

वरून लोखंडी दारावर थापा पडत होत्या. वारा असेल, असं म्हणता आलं असतं. तो तिच्याकडे बघत राहिला, ती त्याच्याकडे. तिच्या चेहऱ्यात काहीही वावगं नव्हतं. एक सुरकुतीसुद्धा इकडची तिकडे नव्हती. तिने हातातलं ताट टेबलावर ठेवलं आणि त्याची खुर्ची मागे ओढून दिली.

"बसा ना," ती प्रेमाने म्हणाली.

आणि तो बसला. थापा हळूहळू कमी झाल्या आणि थांबल्या. पडद्यावर ठिपका दारापासून बाजूला झाला होता. उंचीचा आकडा बदलू लागला होता. साठ. पंच्याहत्तर. एकशे दहा. ती त्याच्या ताटात वाढत होती, आणि आकडा वर वर चढत चालला होता.